अक्कलदाढ आणि माताजींचा नियम

‘कायशुद्धी’ हा एक शब्द त्या दिवशी माझ्या तोंडून बाहेर पडला नाही, आणि आमच्या दारात थांबलेल्या माताजी पुढे निघून गेल्या. आपल्यामुळं घराचं पुण्य गेलं, देवानंच आपल्याकडं पाठ फिरवली, असं मला वाटलं. त्यानंतर काय झालं ते जसं घडलं तसं लिहिते. त्याला काय नाव द्यायचं ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

आमचं गाव निपाणीजवळ, घर जैन शेतकऱ्याचं. पायी विहार करत आलेल्या एक आर्यिका माताजी, म्हणजे जैन साध्वी, गावच्या बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, पाच दिवस मुक्कामाला होत्या. त्या दिवसातून एकदाच, सकाळी दहाच्या सुमाराला आहार घेतात, तोही ओंजळीत. कुणाच्या घरी जायचं हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. ज्यांनी चौका लावलाय, म्हणजे सोवळ्यानं शुद्ध स्वयंपाक करून ठेवलाय, त्यांनी दारात कलश घेऊन उभं राहायचं. माताजी मनात एक संकल्प धरून निघतात आणि तो जिथं जुळेल तिथं थांबतात. थांबल्या की घरच्यांनी मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी असं म्हणायचं, मगच त्या आत येतात. माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्ती म्हणतो, त्यांची एवढीच इच्छा राहिली होती, की डोळे मिटायच्या आत आपल्या घरी एकदा आहार व्हावा. आजवर चारपाच वेळा चौका लावून झाला होता, पण योग काही आला नव्हता.

माताजी येणार असं कळलं, आणि नेमकी तेव्हाच माझी अक्कलदाढ उठली, गाल सुजला. चाळिशी ओलांडल्यावर का होईना, येतेय म्हणायची अक्कल, अशी आमच्या ह्यांनी थट्टाही करून घेतली. निपाणीच्या डॉक्टरांनी बघितलं आणि दाढ आडवी आहे, बेळगावला दाखवा म्हणाले. खडेबाजारातल्या डॉक्टरीणबाईंनी अख्ख्या जबड्याचा फोटो काढला. खालची दाढ हाडात आडवी झोपलेली, पुढच्या दाढेला डोकं लावून, आणि बुडाशी ओठाची शीर. हिरडी कापून, दाढेचे तुकडे करून काढावी लागेल, उशीर करू नका, असं त्यांनी बजावलं. मी हो हो म्हणाले आणि पाच दिवसांच्या गोळ्या घेऊन घरी आले. तोंडात जखम असली, रक्त येत असलं तर चौक्यात पाऊल टाकता येत नाही. माताजी येऊन जाऊ देत, मग काढू, असा माझा हिशेब. घरात सांगितलं, की गोळ्यांनीच भागेल म्हणाल्यात. मी मुलखाची हट्टी, त्यात पुण्याचा लोभ. लवंग धरून आठवडा काढला.

माताजी आल्या तोवर गाल पुन्हा सुजला होता आणि हिरडीतून पू यायला लागला होता. सकाळी मी दहादा चुळा भरायची आणि पदर गालावर ओढून कलश घेऊन उभी राहायची. पहिले दोन दिवस माताजी दारावरून सरळ गेल्या. तिसऱ्या दिवशी थांबल्या. माझ्या समोर, हातभर अंतरावर. आत आत्ती कान देऊन उभ्या होत्या. मनशुद्धी म्हणाले, वचनशुद्धी म्हणाले, आणि पुढचा शब्द येईना. जबडा आखडला होता हे खरं, पण तेवढंच खरं नव्हतं. जिभेवर पुवाची चव होती आणि त्या चवीवर तो शब्द मला ठेवता येईना. मला काय झालं ते शेजारी उभ्या असलेल्या ह्यांना कळेना. माताजी थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग शांतपणे वळल्या आणि कोपऱ्यावरच्या घरी गेल्या.

मी तिथंच उंबऱ्यावर बसून रडले आणि सगळं सांगून टाकलं. आत्ती रागावतील म्हणून मान खाली घालून बसले होते. त्यांनी माझा गाल हातानं चाचपला.

“एवढं सोसलंस कशाला गं? मी काय परकी हाय व्हय?” एवढंच त्या बोलल्या आणि ह्यांना म्हणाल्या, “गाडी काढ.”

बेळगावच्या अलीकडच्या काकतीपर्यंत मी नुसती रडत होते. आज नंबर लागणार नाही अशी खात्रीच होती, पण दुपारी ज्यांची दाढ काढायची होती ते आलेच नव्हते. डॉक्टरीणबाई कन्नडमध्ये माझ्यावर चांगल्याच करवादल्या आणि लगेच खुर्चीत बसवलं. इंजेक्शनानं अर्धा ओठ दगड झाला. णमोकार मंत्र ओठांनी म्हणता येईना, म्हणून बोटांच्या पेरांवर मोजत राहिले. करकर आवाज, पाण्याचा फवारा, आणि दाढ तीन तुकड्यांत बाहेर. तीन दिवस जखम जपा, थंड पातळ खा, असं सांगून त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली आणि मधेच थांबून विचारलं, तुम्ही अंधार पडल्यावर खात नाही ना? मी मान डोलावली, आम्हा जैनांत ती रीतच. मग त्यांनी गोळ्या बदलल्या आणि सगळ्या उजेडात बसतील अशा लिहून दिल्या. मी सांगितलं नव्हतं, कपाळावर तसं काही लिहिलेलंही नव्हतं. त्या बाईंचे पाय धरावेसे वाटले.

पाचवा दिवस माताजींचा शेवटचा. चौका आत्तींनी आणि ह्यांनी लावला. मी बाहेरच्या कट्ट्यावर, सुजलेलं तोंड घेऊन, रिकाम्या हातांनी. आपल्यामुळं गेलं ते गेलं, आता तुझ्या मनात असेल ते कर, असं मी देवाला सांगून टाकलं. त्या आठवड्यात पहिल्यांदाच मला काहीच नको होतं. आणि माताजी आमच्या दारात थांबल्या. आत्तींच्या तोंडून तिन्ही शब्द स्पष्ट आले. आहार निर्विघ्न झाला. मी भिंतीला डोकं टेकून आतली हालचाल ऐकत होते, आणि इतकी सुखात मी कधी नव्हते.

आहारानंतर माताजी मौन सोडतात आणि घरच्यांना एकेक नियम देतात. कुणाला चहा सोडायचा, कुणाला रोज स्वाध्याय. बाहेर येऊन त्या माझ्यापाशी थांबल्या. मी लांबूनच वाकले. मनात म्हटलं, उपास द्या, कितीही कडक द्या, करीन.

“दुखलं की सांगायचं,” माताजी म्हणाल्या. “हा तुझा नियम. जन्मभर.”

मी हात जोडले. माझ्यामागून आत्ती पुढे आल्या.

“माताजी, मलाबी ह्योच द्या,” त्या म्हणाल्या. “छातीत कळ येतीय लई दिवसांपास्नं. म्या कुणाला सांगितलं न्हाय.”

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा बेळगावला गेलो, या वेळी आत्तींसाठी. वेळेत आणलंत, असं तिथले डॉक्टर म्हणाले. आज आत्ती माझ्याशेजारी बसून शेंगा फोडतायत, आणि जरा कुठं दुखलं की दोघीही लगेच सांगतो.