प्रवाळाचं दहावं तोंड

माझ्या प्रवाळाला सात वर्षांत नऊ तोंडं आली. साडूच्या घरी चार आठवड्यांत दहावं आलं. मला त्याचा हेवा वाटला. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे जे झालं ते त्या एका तोंडापायी झालं.

मी भंडाऱ्यात राहतो. राईस मिलवर धानाचा ओलावा मोजणं हे माझं काम, आणि घरी खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणं हा नाद. समुद्र इथून इतका लांब की आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलेला नाही. तरी आमच्या बैठकीत भिंतीला लागून तीन फुटांचा समुद्र होता. आरओच्या पाण्यात खास मीठ कालवून केलेला, लिटरला सदतीस ग्रॅम, म्हणजे मीटरवर क्षार पस्तीस. त्यात दोन नारिंगी क्लाऊन मासे, सहा गोगलगाई आणि एक प्रवाळ. प्रवाळ म्हटलं की लोकांना अंगठीतला खडा आठवतो. हा जिवंत प्राणी असतो. दगडासारख्या बुंध्यावर तोंडं, आणि प्रत्येक तोंडाभोवती हिरव्या लांब बोटांचा झुबका, टोकाला सोनेरी ठिपका. आणलं तेव्हा एकच तोंड होतं. एक नवं तोंड फुटायला माझ्याकडे दहा-अकरा महिने लागायचे. हे अंदाजाने सांगत नाही. वहीत आहे. वहीत चौदा रकाने आहेत: क्षार, तापमान, अमोनिया, नायट्रेट, कॅल्शियम वगैरे, आणि शेवटचा रकाना तोंडांचा.

माशांबद्दल एक सांगायला हवं. समुद्रात हे मासे अशाच लांब बोटांच्या प्राण्यांत घर करतात. माझे मात्र पाच वर्षं हीटरच्या मागच्या कोपऱ्यात राहिले. प्रवाळ वीतभर अंतरावर डोलत असायचं. हे त्याच्याकडे ढुंकून पाहायचे नाहीत.

गेल्या हिवाळ्यात टाकीच्या डाव्या कडेचं सिलिकॉन सुटलं. आधी थेंब, मग दिवसाला पेलाभर पाणी. दुरुस्त करण्यापेक्षा नवी मोठी बांधावी असं ठरवलं. चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. खाली गाळणीची वेगळी टाकी. सगळं मिळून तीनशे लिटर. जुनी उतरवून नवी स्थिरावेपर्यंत सहा आठवडे धरले होते. तोवर जीव कुठे ठेवायचे, हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर एकच होतं: साडू.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नदीपलीकडे कारध्याला राहतो. मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे, त्यामुळे घरी जनरेटर आहे आणि वीज गेली तरी त्याच्या टाकीचा पंप थांबत नाही. दोन वर्षांपूर्वी माझी टाकी पाहूनच त्याने स्वतःची केली. सगळं माझ्याकडून शिकला. वही सोडून. मिठाचं पाणी झालं की तो त्यात बोट बुडवतो आणि जिभेला लावतो. "झालं," म्हणतो. मी माझा मीटर लावून पाहिला आहे. पस्तीस भरतं. दर वेळी.

"काळजी नोका करू भाऊजी," बादल्या उतरवून घेताना तो म्हणाला. "आपल्या लेकरावानी ठेवतो."

मी त्याला दोन पानं लिहून दिली होती. खाणं किती, दिवा किती तास, पाणी कधी बदलायचं. तिसऱ्या दिवशी गेलो तर तो कागद घडी घालून टाकीच्या स्टँडच्या एका पायाखाली सरकवलेला दिसला.

"स्टँड हालत होतं न भाऊजी. तुमचा कागद जाड होता, बरा कामी आला."

माझं लक्ष टाकीकडे होतं. माझे दोन्ही मासे प्रवाळात शिरले होते. बोटांमध्ये अंग घासत होते, बाहेर डोकावत होते, पुन्हा आत जात होते. पाच वर्षांत जे माझ्यासमोर एकदा केलं नाही, ते यांनी तिसऱ्या दिवशी या माणसासमोर केलं.

"तुमच्याकडेबी असेच बसत असतीन न?" साळीने, म्हणजे साडूच्या बायकोने, विचारलं.

"हो," मी म्हणालो. हे खोटं होतं.

नव्या टाकीचं काम मी नेहमीच्या रीतीने केलं. स्टँड पाणसळीने तपासलं. जुने दगड रचले. पाण्याला आठ दिवस लागले. घरी निळा प्लॅस्टिकचा ड्रम होता, पण त्यात पूर्वी फिनाईल ठेवलेलं. वास गेला होता, तरी माझा भरवसा बसेना. म्हणून माळ्यावरून पितळेचं गंगाळ काढलं. बायकोच्या लग्नात आलेलं, चाळीस लिटरचं. आमच्या गावात पितळेवर अविश्वास दाखवणारा माणूस मिळणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या इथे भांडी घडली, आणि अजूनही आमच्या घरात प्यायचं पाणी पितळेच्या गुंडातच, म्हणजे घागरीतच, असतं. चिंच लावून घासलं तर गंगाळ सोन्यासारखं निघालं.

"त्याची कल्हई कवाचीच गेली वो," बायको म्हणाली.

"पाणीच तर ठेवायचं हाय," मी म्हणालो.

रोज एक गंगाळ. चाळीस लिटर पाणी, चौदाशे ऐंशी ग्रॅम मीठ, आत छोटा पंप, आणि मीठ पुरतं विरघळावं म्हणून बरोबर चोवीस तास. आठ दिवसांत आठ गंगाळं, तीनशे वीस लिटर. टाकीत क्षार पस्तीस, तापमान सव्वीस, अमोनिया शून्य. मिलवर सुद्धा माझा एवढा अचूक महिना गेला नव्हता.

चौथ्या आठवड्यात कारध्याहून सहा गोगलगाई आणून आधी त्या सोडल्या. दोन दिवसांत चार काचेवरून गळून पडल्या, त्या पुन्हा हलल्या नाहीत. मी वहीत लिहिलं: 'कमजोर आल्या.' आल्या कुठून, हेही कंसात लिहिलं. ते पान अजून आहे.

त्याच रविवारी मी बायकोला घेऊन साडूकडे गेलो. त्याच्या बैठकीत तीन-चार पाहुणे बसले होते, लग्नाचा मंडप ठरवायला आलेले. मंडपाचं राहिलं बाजूला, सगळे टाकीपुढे उभे होते.

"काय झाड हाय बाप्पा!" एक म्हातारे गृहस्थ म्हणाले.

"माहं नाही ते," साडू म्हणाला. "या भाऊजींचं हाय. मी फक्त सांभाळून राहिलो."

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा टाकीकडे. "असन. पण फुललं तं तुमच्या हातानं न!"

साडू प्रामाणिक होता, श्रेय घेत नव्हता. तेच मला जास्त लागलं. मी जवळ जाऊन तोंडं मोजली. दहा. पुन्हा मोजली. मागच्या बाजूचं एक तोंड मधोमध दुभंगून त्याची सरळ दोन झाली होती. तिसऱ्यांदा मोजलं तेव्हाही दहाच.

"मी आज घेऊन जातो हे," मी म्हणालो.

"आज? अजून दोन हप्ते हायेत न?"

"टाकी तयार आहे."

टाकी तयार नव्हती. चार मेलेल्या गोगलगाई मला तेच सांगत होत्या, आणि दुसऱ्या कुणाच्या टाकीत त्या मेल्या असत्या तर मीच त्याला दोन पानं लिहून दिली असती की थांबा. पण अकरावं तोंड त्या घरात फुटलेलं मला पाहायचं नव्हतं. एवढंच कारण होतं.

"भाऊजी, जेवून तं जा," साळी म्हणाली. मी थांबलो नाही. मासे काही हाताला लागेनात, ते राहू दिले. प्रवाळ उचललं तेव्हा दोघे त्या रिकाम्या जागेभोवती फिरत राहिले. बायकोने स्कूटरवर मागे बसून बादली मांडीवर धरली. वैनगंगेचा पूल मी वीसच्या वर न जाता ओलांडला.

पहिल्या दिवशी प्रवाळ मिटलेलं राहिलं. जागा बदलली की मिटतं, त्यात नवल नाही. दुसऱ्या दिवशीही मिटलेलं. तिसऱ्या दिवशी दोन तोंडांतून तपकिरी चिकट द्रव निघाला आणि संध्याकाळपर्यंत तिथे नुसती पांढरी हाडं उरली. मी सगळी मापं पुन्हा घेतली. एकही आकडा चुकत नव्हता. चौदापैकी तेरा रकाने बरोबर, आणि शेवटच्यात आठ. चौथ्या दिवशी सकाळी सहा.

आकडे बरोबर असतील तर दोष बाहेरून आला असला पाहिजे, आणि बाहेर म्हणजे कारधा. मी फोन लावला.

"तुमच्या पाण्यातून रोग आला काहीतरी," मी म्हणालो. "जिभेनं मीठ मोजल्यावर दुसरं काय होणार?"

 तो म्हणाला, "येतो मी."

अर्ध्या तासात आला. हातात पांढरी बादली, त्यात त्याच्या टाकीचं पाणी. बैठकीत जायच्या आधी तो अंगणातच थांबला. गंगाळ हौदाच्या कठड्यावर पालथं घातलेलं होतं. त्याने ते सरळ केलं. आत, जिथवर पाणी असायचं तिथे, एक हिरवट रेघ होती. त्याने अंगठ्याने ती घासली आणि अंगठा पाहिला.

"पाणी ह्याच्यात कालवलं काय भाऊजी?"

"हाव."

"आन ठेवलं किती टाइम?"

"चोवीस तास. दर वेळी."

तो उकिडवा बसला. "आमच्या आचाऱ्यानं एका लग्नात कढी ठेवली होती पितळेच्या गंजात, मोठ्या पातेल्यात. बिना कल्हईच्या. कळकली न सारी. बारा जनाले उलट्या झाल्या. वऱ्हाड मले माराले उठलं होतं."

"म्या सांगतलं होतं," दारातून बायको म्हणाली. "कल्हई नाही म्हणून."

मला लगेच कळलं, आणि कळायला इतके दिवस लागले याची लाज वाटली. पितळेत तांबं असतं. आंबट किंवा खारट पदार्थ ते ओढून घेतो. मासे थोडंफार सोसतात. गोगलगाई आणि प्रवाळ सोसत नाहीत. कल्हई नसलेल्या पितळेत ताक ठेवायचं नाही, हे आमच्या गावात शाळेत न गेलेली बाईसुद्धा जाणते. त्या गंगाळात मी आयुष्यात कधी ताक ठेवलं नसतं. खारं पाणी मात्र आठ वेळा ठेवलं, वजन करून, घड्याळ लावून. माझ्या चौदा रकान्यांत तांब्याचा रकाना नव्हता.

साडू हसला नाही. हसला असता तर मला सोपं गेलं असतं. फोनवर मी जे बोललो ते त्याने काढलं नाही. मीही काढलं नाही.

"मंग कसं करता?" त्याने विचारलं. "पाणी बदलून इथंच ठेवता का?"

पाणी बदलून भागणार नव्हतं. तांबं दगडांत मुरतं आणि पुढे महिनोन्‌महिने सुटत राहतं. प्रवाळ माझ्या घरी ठेवलं तर माझ्या घरी मरणार होतं. जगायचं असेल तर त्याला एकच घर होतं, आणि ते मी रविवारी जेवायलाही न थांबता सोडून आलो होतो. मी टाकीपुढे उभा राहिलो. सहा तोंडं मिटलेली. एवढ्यावरही माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की तिकडे गेल्यावर मासे पुन्हा त्याच्यात शिरतील.

"घेऊन जा," मी म्हणालो.

पुढचे दहा दिवस तो रोज संध्याकाळी फोन करून नुसता आकडा सांगायचा. पाच. पाच. चार. मग चारच राहिले. अकराव्या दिवशी त्याने आकडा सांगितला नाही, म्हणाला, "उघडलं."

मी दगड फेकले, वाळू फेकली, टाकी तीनदा धुतली. नवा ड्रम आणला. नवे दगड रचले. गंगाळाला कल्हई लावून घेतली आणि ते परत माळ्यावर ठेवलं. वहीत पंधरावा रकाना आखला. त्यात बारा आठवडे शून्य आलं तेव्हा गेल्या रविवारी कारध्याला गेलो. एव्हाना तिथे पाच तोंडं झाली होती, आणि दोन्ही मासे त्यांच्या मधोमध पसरून बसले होते, जसे आमच्याकडे मुलं सोफ्यावर बसतात.

"अख्खं घेऊन जा न भाऊजी. तुमचंच हाय," साडू म्हणाला.

तो मनापासून म्हणत होता. मी पाचही तोंडं एकदा मोजली. मग म्हणालो, "एक तोंड कापून दे."

त्याने बारीक करवत आणली. "कोनतं कापू?"

मासे ज्याला शिवत नव्हते ते कडेचं, सगळ्यात लहान तोंड मी दाखवलं. या वेळी जेवून निघालो.

चार फुटांच्या टाकीत ते एक तोंड शर्टाच्या बटणाएवढं दिसतं. पाहुणे आधी विचारतात, यात आहे काय? दुसऱ्या दिवशी दुपारी ते उघडलं. नऊ हिरवी बोटं, आखूड, पण टोकाला सोनेरी. मी वहीत लिहिलं: तोंडं, एक. कारध्यातली चार आणि मासे दोन लिहायला रकाना नाही, पण ते लक्षात राहतात.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

"उघडलं काय भाऊजी?"

"उघडलं. इथे एक."

"बेस झालं न!" तो खरंच खूश झाला होता. "इकडे पाचवं फुटून राहिलं पुन्हा. मांगच्या बाजूनं."

बरं झालं, असं म्हणून मी फोन ठेवला. मग भिंग घेतलं आणि माझं एक मधोमध कुठे दुभंगतं आहे का, ते बराच वेळ पाहत बसलो.