वकीलअक्काने घेतलेल्या जबान्या

माझ्या पोराला, नागेशला, कारखान्यासमोरच्या खांबाला बांधून मारत होते. त्याचा डावा डोळा फुटला होता. मला दोघींनी धरून ठेवलं होतं. तेवढ्यात वकीलअक्का गर्दीत घुसली आणि त्याच्यापुढे उभी राहिली. नागेशवर उगारलेलं दांडकं तिच्या मनगटावर बसलं. हाड मोडलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "मारून झालं असंल तर आता इचारू की."

ती वकील नव्हती. यंत्रमागाच्या कारखान्यात माझ्या शेजारी बसून सुताच्या कांड्या भरायची, घरी तेलुगू बोलायची आणि चाळीतली भांडणं सोडवायची. तिची रीत एकच. प्रत्येकाला भिंतीकडे तोंड करून बसवायचं आणि एकेकाला विचारायचं. "सगळे मिळून बोलता तवा खोटं बोलता," म्हणायची. माझी कोंबडी हरवली तेव्हा तिने तीन बायकांना असंच बसवलं. तिसरी म्हणाली, "कापली तवा मी नळावर होते." कापली असं कुणी म्हटलंच नव्हतं. अक्का म्हणाली, "रस्सा तिकट झाला का गं?"

त्या दुपारी आमचा मुकादम बसप्पा मागांच्या पलीकडे डोकं फुटून पडलेला सापडला. शुद्ध नव्हती. सकाळी नागेश त्याच्याशी भांडला होता. लोकांना तेवढं पुरलं.

अक्काने मोडका हात पदरात बांधला, नागेशला सोडवलं आणि त्या पाळीच्या तिघा विणकरांना भिंतीकडे तोंड करून बसवलं.

नागेश म्हणाला, "मी मागावर होतो. मला कायबी ऐकू आलं न्हाय."

श्रीनिवास म्हणाला, "मी चहाला गेलतो. आलो तर त्यो पडला हुता."

सिद्राम म्हणाला, "मीबी मागावरच. 'नाग्या, मारू नको' असं बसप्पा वरडला, म्हणून धावलो."

"माग चालू हुते?"

"व्हय की. समदे."

अक्का गर्दीकडे वळली. त्यात निम्मे विणकरच. "तुमी आत पाणी कसं मागता?"

एकाने अंगठा ओठाला लावला. चालू मागात कानाशी ओरडलं तरी कळत नाही. आम्ही जन्मभर आत हातवाऱ्यांनीच बोललो.

"मग ह्याला बसप्पा कसा ऐकू आला?"

सिद्राम उठून पळाला. लगेच धरला. तेच दांडकं आता त्याच्यावर पडायला लागलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. अक्का पुन्हा आत शिरली.

"अक्का, मरू दे त्याला," मी म्हणाले.

"का मारलं ते कुटं इचारलंय अजून," म्हणाली आणि त्याच्या अंगावर आडवी पडली. दांडकं तिच्या डोक्यात बसलं.

मोबाईलवर व्हिडिओ काढणाऱ्या पोरांनी सगळं पुसून टाकलं. पोलिसांना सगळ्यांनी मिळून सांगितलं, बाई घसरून पडली. मी एकटीने पाहिलं ते सांगितलं.

बसप्पा शुद्धीवर आला. सूत चोरताना सिद्रामला त्याने धरलं होतं.

बसप्पा वाचला. सिद्राम वाचला. नागेश एका डोळ्यानिशी वाचला. अक्का वाचली नाही.