पडणाऱ्याचा फोटो

काशिनाथ घरत यांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा ते पळत होते. डोंगरी सायकलच्या शर्यतीत माणूस सायकलवर दिसावा, पण पन्नाशीवरच्या गटाची शर्यत पूर्ण करून, घोटभर पाणीही न पिता, अंगावर मुरुमाचा लाल थर तसाच ठेवून ते पुन्हा टेकडी चढत होते. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला कॅमेरा त्यांनी छातीशी धरला होता. पुढच्या गटाचे स्वार उतारावर यायच्या आत त्यांना फोटोसाठी ठरवलेल्या वळणावर पोचायचे होते. मी त्या पुढच्या गटात होते. नवी कोरी सायकल ऐटीत ढकलत निघालेल्या माझ्याकडे त्यांनी पळता पळताच एक नजर टाकली आणि म्हणाले, "सीट खाली कर गो, नाय तर तू खाली येशील."

मी सीट खाली केली नाही. त्या एका शर्यतीत तीनदा खाली आले. तेव्हापासून ते माझे दादा झाले, जसे ते आपल्या सायकल मंडळातल्या सगळ्यांचेच आहेत.

दादांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांचे कार्य, मूल्ये आणि स्नेह यांविषयी ओळीने लिहावे, असे संपादक मंडळाने मला कळवले. मी चार वेळा लिहायला बसले आणि चार वेळा उठले. एकदा तर उठून सायकलची साखळी साफ केली. ती आदल्या दिवशीच साफ केलेली होती. ऐरोलीच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधणे हाच माझा व्यवसाय. आज स्वतःची एक चूक लिहायची आहे, म्हणून हे बूड टेकत नाही. पण आधी दादांविषयी.

दादांचे घर उरणजवळच्या खाडीकाठच्या गावात आणि नोकरी कंटेनर यार्डात. कंटेनर उचलून एकावर एक रचणाऱ्या अवजड यंत्रावर त्यांनी उभी हयात काढली. पहिल्या नजरेत जागा हेरायची आणि मग हात डळमळू द्यायचा नाही, ही सवय त्यांना तिथेच लागली असावी. एरवी त्यांना एका जागी बसलेले कोणी पाहिलेले नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते वाढायला उठतात. आमच्या मंदावहिनी म्हणतात, "यांना बसवायचाच असल तर सायकलवर बसवा." सुट्टीच्या दिवशी उलव्याच्या नव्या रस्त्यांवर सायकल दामटायची, मग मागच्या टेकडीवर चढ-उतार करायचे आणि घरी जाऊन कॅमेऱ्याची काच पुसायची, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे.

त्यांच्या छायाचित्रणाचे नियम नव्या सभासदांना माहीत नसतील, म्हणून सांगते. शर्यतीआधी ते सगळ्या स्वारांना गोळा करतात आणि आपण कुठे उभे राहणार ते बोटाने दाखवतात. अचानक कॅमेरा दिसून कोणी दचकू नये, हा त्यामागचा हेतू. मग दिवसभर ती जागा सोडत नाहीत. संध्याकाळी फोटो पाठवायला लागतात ते शेवटून. सगळ्यात शेवटी आलेल्या स्वाराला त्याचा फोटो आधी मिळतो आणि पहिल्या आलेल्याला सर्वांत उशिरा. पहिल्याला पदक मिळालेले असते, शेवटच्याने घरी काय दाखवायचे, असा त्यांचा सवाल असतो. मी दोन वर्षे दादांचे फोटो फार लवकर मिळवत होते, हे इथे नमूद करते.

आणि एक नियम सगळ्यांत कडक. पडतानाचा फोटो पडणाऱ्याच्या मालकीचा. तो ते दुसऱ्या कोणालाही दाखवत नाहीत. आपले एक बँक अधिकारी सभासद डबक्यात तोंडावर पडले होते, तेव्हा तो फोटो बघायला अर्धे मंडळ दादांच्या मागे लागले. दादा प्रत्येकाला एकच उत्तर देत राहिले, "त्यांना विचारा." पुढे त्या साहेबांनी स्वतःच तो मागून घेतला आणि वर्षभर फोनवर मिरवला.

आता ते वळण. उतारावर करंजाचे झाड आहे तिथे वाट उजवीकडे वळते. चाक ज्या वाटेने न्यायचे तिला आम्ही लाइन म्हणतो. तिथली लाइन उजवीकडून आहे. डावीकडे एक कातळ आहे. त्यावरून सायकल नेली तर दोन्ही चाके हवेत जातात आणि खाली उतरायला जागा उरत नाही. सहा हिवाळ्यांपूर्वीच्या शर्यतीच्या सकाळी दादांनी आम्हाला सांगितले होते की ते करंजाखाली उभे राहतील, आणि कातळाकडे बोट दाखवून बजावले होते, "तिथून कोन उडी मारू नका. फोटो चांगला येईल, मानूस नाय येनार." सगळे हसले. मीही हसले. मी सगळ्यांत पुढे उभी होते, मला शब्दन् शब्द ऐकू आला होता.

पण मला तो फोटो हवा होता. आदल्या वर्षी माझ्या पुढे गेलेल्या एका मुलीचा दोन्ही चाके हवेत असलेला फोटो होता, दुसऱ्या कुठल्या तरी शर्यतीतला. तो माझ्या डोक्यातून जात नव्हता. वळणावर आले, करंजाखाली काच चमकली आणि मी उजवीकडची वाट सोडून कातळावर चाक घातले. त्यानंतर गळपट्टीचे हाड मोडल्याचा आवाज तेवढा आठवतो.

लोक धावले. काय झाले, असे कोणीतरी विचारले. मी म्हणाले, "दगड. दगड सरकला."

वेदनेत माणूस खरे बोलतो म्हणतात. मी बोलले नाही. फोटोसाठी लाइन सोडणाऱ्या स्वाराला आपल्यात काय म्हणतात, ते मला ठाऊक होते. माझे ऐकून सगळ्यांच्या नजरा पांडुरंगभाऊंकडे वळल्या. शर्यतीची वाट तेच साफ करतात. त्या दिवशीही उजाडल्यापासून झाडू आणि घमेले घेऊन ते टेकडीवर होते. ते झाडू हातात धरून नुसते उभे राहिले. कोणीतरी चढ्या आवाजात त्यांना विचारायला सुरुवात केली, एवढ्यात दादा मध्ये आले.

"दगड नव्हता," ते म्हणाले. "मी जागा सोडून वाकडा उभा रायलो. पोरगी बिचकली."

आणि त्यांनी कॅमेरा दुधाच्या पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली. मी खाली पडून ते पाहत होते. मी गप्प बसले. दुखण्यामुळे बोलवत नाही, असे सगळ्यांना वाटले.

पुढचे सगळ्यांना माहीत आहे, पण दादांना ते कसे गेले हे फार जणांना माहीत नाही. मंडळाने त्यांना मार्गावर कॅमेरा आणू नका असे सांगितले. त्यांनी मान डोलावली. पुढच्या शर्यतीला मी हात गळ्यात बांधून बघायला गेले होते. दादांनी आपल्या गटाची शर्यत पूर्ण केली आणि मग कुठे जावे ते त्यांना कळेना. पाण्याचे पिंप भरले, टेम्पोतल्या सायकली उतरवल्या, पुन्हा नीट लावल्या. या टोकाकडून त्या टोकाकडे नुसते चालत होते. मध्येच त्यांचा हात छातीशी जायचा, तिथे काही नसायचे आणि हात परत खाली यायचा. मी ते सगळे पाहिले. आणि खरे न सांगता घरी आले.

मोडलेल्या हाडामुळे मला वेणी घालता येत नव्हती. साताऱ्याहून आईला गुडघ्यांमुळे येणे जमत नव्हते. मंदावहिनी आठवड्यातून दोनदा उरणहून ऐरोलीला येत, माझ्या केसांना तेल लावत, वेणी घालत आणि येताना डब्यात तिसऱ्यांचे, म्हणजे शिंपल्यांचे, कालवण आणत. सोबत दादा असत. ते सोफ्याच्या काठावर टेकत आणि लगेच उठत. त्यांनी आमचा गळका नळ दुरुस्त केला, खिडकीची कडी बसवली आणि मग माझ्या सायकलचे वाकडे झालेले चाक गॅलरीत उलटे धरून एकेक तार पिळत बसले. त्या घरात दुरुस्त करण्यासारखे दुसरे काही उरले नव्हते.

अशाच एका दिवशी वेणी घालता घालता वहिनी म्हणाल्या, "कॅमेरा कपाटात टाकलान्, तवापासून घरात नुसत्या येरझाऱ्या चालल्यात. जेवताना पन उठतात. काय झालं, तू तरी सांग गो."

त्यांच्या हातात माझे केस होते. त्या हातांखाली बसून मला खोटे बोलवेना. मी गॅलरीकडे तोंड करून, दोघांनाही ऐकू जाईल असे सांगितले की दगड नव्हता, दादाही वाकडे उभे नव्हते, मला फोटो हवा होता म्हणून मी कातळावरून गेले. वहिनींचे हात थांबले. दादांनी चाक फिरवले, ते कुठे लंगडते ते पाहिले आणि वर न बघता म्हणाले, "मला ठाव हाय. फोटो हाय ना."

पुढच्या खेपेला त्यांनी तो छापून आणला. माझ्या हातात देत म्हणाले, "पडतानाचा फोटो पडनाऱ्याचा. ठेव."

मी त्याच दिवशी मंडळाला खरे सांगायला निघाले होते. दादांनी अडवले. पांडू सुटला, तू सुटलीस, माझे काय, मी आहे तिथेच आहे, असे त्यांचे म्हणणे. मी हट्ट धरला तेव्हा त्यांनी अट घातली, की आधी त्या वळणावरून पुन्हा उतरून दाखव, मी तिथेच उभा राहणार, मग पुढचे बघू. पाच महिन्यांनी मी उतरले. वरून करंज दिसताच मी ब्रेकवर बोटे ठेवली. डाव्या बाजूला दादा आहेत हे माहीत असताना तिकडे न बघणे ही मी आजवर केलेली सगळ्यांत अवघड गोष्ट आहे. फोटोत माझी जीभ बाहेर आली आहे, डोळे बारीक झाले आहेत, आणि चाक उजवीकडच्या लाइनवर आहे. दादा तो बघून म्हणाले, "ह्यो बरा."

त्या दिवसापासून कॅमेरा परत आला. दादांनी स्वतः मंडळाकडे जाऊन परवानगी मागितली. मंडळाने ती दिली, पण त्यांच्या शेजारी स्वारांना सावध करायला एक सभासद लाल निशाण घेऊन उभा राहील, या अटीवर. दादांनी तीही मान्य केली. गेली पाच वर्षे प्रत्येक शर्यतीत त्यांच्या शेजारी निशाण असते, आणि 'दादांपासून लांब राहा, लाइन चुकेल' हा विनोदही असतो. दादा त्यावर हसतात. मी खरे सांगायचा विषय काढला की त्यांना कोणाच्या तरी टायरमध्ये हवा भरायची असते. आणि मलाही, मनातल्या मनात, सुटल्यासारखे वाटत आले आहे. दादांनीच नको म्हटले, ही माझी सोय होती.

या ग्रंथाच्या पहिल्या बैठकीत कोणीतरी सुचवले की तो विनोद चौकटीत छापावा, जरा गंमत येईल. सगळे हसले. मी उठून बाहेर गेले, परत आले, पुन्हा उठले. साठ वर्षांच्या माणसाचा गौरव करायचा आणि त्यात त्याने न केलेली चूक छापायची, तीही माझी, हे मला सहन होईना.

म्हणून शेजारच्या पानावर तो फोटो आहे. संपादकांना मी तो काल दिला. दादांना विचारलेले नाही. नीट पाहा. दोन्ही चाके हवेत आहेत. माझे डोळे थेट काचेत आहेत आणि लग्नातल्या फोटोसारखी मी हसते आहे. उजवीकडची वाट स्वच्छ आहे, तिच्यावर पांडुरंगभाऊंच्या झाडूचे फटकारे दिसतात. एकही दगड नाही. आणि वरच्या कोपऱ्यात करंजाची फांदी आली आहे, म्हणजे फोटो घेणारा माणूस सकाळी सांगितले होते तिथेच उभा होता. पांडुरंगभाऊ, तुमची मी हात जोडून क्षमा मागते. दादा, तुम्ही रागवाल. पण नियम तुमचाच आहे. हा फोटो माझा आहे, आणि तो सगळ्यांना दाखवायचा की नाही हे मी ठरवायचे.

दादा आता साठीवरच्या गटात जातील आणि तिथले सगळ्यांत तरुण स्वार ठरतील. पुढच्या गटासाठी टेकडी पळत चढायला त्यांच्या गुडघ्यांत बळ राहो, नजर अशीच लख्ख राहो, आणि वहिनींना त्यांच्या येरझाऱ्यांचा वैताग आणखी चाळीस वर्षे पुरो. सत्काराच्या दिवशी ते खुर्चीत फार वेळ बसणार नाहीत, हे मी जाणते. एवढे पान बघेपर्यंत तरी बसा, दादा.

या हिवाळ्यात तुमच्या शेजारी लाल निशाण धरायची पाळी माझी आहे. मी येईन. निशाण घरी ठेवून येईन.