चाकं ठोकणारे मेश्राम काका

गुढियारीत आमच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, नळ नव्हता. पाणी रुळांच्या पलीकडे, आणि मधे मालगाडी तासन्‌तास उभी. बाया पाण्यानं भरलेली गुंडी डब्याखालून सरकवायच्या, मग स्वतः रांगत यायच्या. आई वीस वर्षं अशी रांगली. एकदा ती खाली असतानाच गाडीनं झटका दिला. जीव वाचला, मनगट मोडलं. त्याच आठवड्यात मी बी.ए. झाले, आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. पेढे आणायचं कुणाला सुचलं नाही.

मी अर्ज लिहिला आणि पाण्याच्या ऑफिसात गेले. वाटेत शंकर नगरातल्या बंगल्यासमोर एक माणूस पाइप लावून गाडी धूत होता. नुसतं ते पाहूनच माझं डोकं फिरलं. ऑफिसातल्या बाबूनं अर्ज न वाचता बाजूला सरकवला, तेव्हा मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चपराशानं दंड धरून मला बाहेर काढलं. अर्ज मागून भिरकावला गेला.

घरी मी भांडी आपटत सुटले. शेवटी आईच म्हणाली, "जाय, काकाकडे जाऊन बस जरा."

मेश्राम काका रेल्वेतून रिटायर झालेले. जन्मभर त्यांनी यार्डात मालगाडीची चाकं हातोडीनं ठोकली आणि आवाजावरून तडा ओळखला. ती सवय सुटली नव्हती. कुणाच्या घरी गेले की आधी दार, मग गुंडी, मग हातातला चहाचा पेला बोटाच्या पेरानं ठोकायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. संध्याकाळी विहारात पोत्यावर बसवून ध्यान शिकवायचे. कुणी पेंगलं की त्याच्या गुडघ्याजवळची फरशी ठोकायचे.

"नाकाखाली ध्यान ठेव," ते म्हणाले. "श्वास येऊन राहिला, जाऊन राहिला. पाहात राय."

मी म्हटलं, मले तर फक्त राग येऊन राहिला.

"येऊ दे ना. कुठं येते ते पाय. चाक ठोकलं का बोलते. चांगलं असलं तर घणघणते, तडकलेलं भद्द वाजते. आधी आयकाचं, मंग काय कराचं ते ठरवाचं."

राग जबड्यात यायचा. हे मला बावीस वर्षांत कळलं नव्हतं, पोत्यावर बसून आठ दिवसांत कळलं. तीन महिन्यांत झोप लागायला लागली. एकदा आईच्या कुठल्याशा बोलण्यावर मी खळखळून हसले, तर ती काम सोडून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आपल्याला जमलं.

मग मी पुन्हा ऑफिसात गेले. बाबू म्हणाला, दीदी, अगले महीने आना. मी शांतपणे हात जोडले आणि परत आले. जबडासुद्धा आवळला नाही. हे मी मोठ्या फुशारकीनं काकांना सांगितलं.

ते जवळ सरकले. मग माझ्या खांद्यावर पेरानं ठोकलं.

"भद्द वाजून राहिली तू," ते म्हणाले. "माय अजून गाडीखालून जाऊन राहिली, अन् तू मले शांती दाखवून राहिली? मी तुले शांत व्हाले सांगतलं पोट्टी, मुकी व्हाले नाही."

 मग त्यांनी सांगितलं, की तडकलेलं एक चाक ओळखूनही ते स्वतः साहेबाच्या धाकानं गप्प राहिले होते. डबा घसरला. माणूस मेला नाही, पण मेला असता. ते ध्यानाला बसायला लागले ते तेव्हापासून.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी बाबूच्या टेबलासमोर फरशीवर मांडी घातली आणि डोळे मिटले. तासाला उठायचं, एकच प्रश्न एकाच आवाजात विचारायचा: साहब, नळ कोणत्या तारखेला लागणार, लिहून द्या. आणि पुन्हा बसायचं. राग होताच. जबड्यात आला की मी त्याला तिथंच बघायची.

बाबू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दीदी, आश्रम खोल रखा है क्या यहाँ?"

"हव," मी म्हटलं. "तारीख दे दीजिए, बंद कर दूँगी."

रांगेतली माणसं हसली. मग त्यांच्यातलाही एक खाली बसला. तिसऱ्या दिवशी बारा जण बसले होते. मोठे साहेब केबिनमधून बाहेर आले, आणि मला सहीशिक्क्यासकट तारीख मिळाली.

काकांनी तो कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. तेव्हा ते खाटेवर होते, त्यांना दम लागत होता. कागद ठोकता येत नाही म्हणून त्यांनी माझा खांदाच ठोकला, कान लावला आणि मान डोलावली. पाइप यायच्या आधी नऊ दिवस ते गेले.

जे वीस वर्षांपूर्वी द्यायला हवं होतं, त्याबद्दल मी कुणाचे आभार मानलेले नाहीत, मानणारही नाही. रोज सकाळी वीस मिनिटं बसते. राग अजून येतो, पण मला झोप लागते. आमच्या पाऱ्यात नळ आला. आई आता गाडीखालून जात नाही.