मोहाची काळी साल

मी आज जो काही आहे तो धुळ्याच्या कॉलेजातल्या माझ्या वनस्पतिशास्त्राच्या सरांमुळे. वडील जळगावला जिनिंगमध्ये सरकीची पोती वाहायचे. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. सरांनी मला आपल्या ओसरीवर अभ्यासाला जागा दिली, आणि हिवाळ्यात एक वेगळंच वेड लावलं. पानं गळालेल्या डहाळ्यांची जुडी ते टेबलावर टाकत. "हं, सांगा आता. पानं बघून कोणीही सांगेल." देठ गळाल्यावर राहिलेला वण, कळीवरचे खवले, मोडल्यावर येणारा चीक, एवढ्यावरून झाड ओळखायचं. चुकलो की म्हणत, "गाढवा, बोटानं बघ." सालीवर विसंबू नका, हे त्यांचं पालुपद.

बी.एस्सी. झालो आणि सत्तरच्या सुमारास शिरपूरच्या वर, सातपुड्यात, जंगलखात्यात हंगामी नोकरी लागली. तोडायच्या झाडावर छापाचा हातोडा मारायचा. काळ्या सालीचा ऐन इमारती लाकडासाठी तोडायचा, मोह राखायचा. कारण पाड्यावरच्या घरांची अर्धी बेगमी मोहाच्या फुलांवर असे. कोणतं झाड कुठलं ते पारखायला मला ठेवलं होतं. हे काम जणू सरांनीच माझ्यासाठी काढलं, असं मला वाटे.

माघ सरत आला होता. रान उघडं पडलेलं. एका उतारावर तीन मोठी झाडं होती, बुंधे कोळशासारखे काळे. त्यांच्याखाली एक पावरा आदिवासी म्हातारी पाचोळा लोटून पेटवत होती. फुलं गळायच्या आधी मोहाखालची जमीन अशी जाळून साफ करतात, म्हणजे फूल चोख वेचता येतं. दरसाल जाळून जाळून साल ओळखू येईनाशी होते.

ठेकेदाराचा मुकादम आमच्या रेंजर साहेबांना म्हणाला, "ऐन शे साहेब. साल देखा ना, काळीभोर."

साहेबांनी होकारार्थी मान हलवली. मी खालची एक डहाळी वाकवून मोडली. टोकाशी वणांची दाटी, तांबूस लवीची जाड कळी, आणि मोडल्या जागी पांढरा चीक.

"साहेब, मोह आहे. ऐनाला असा चीक येत नाही."

मुकादम खदखदून हसला. "हाऊ ग्रॅज्युएट भाऊ तं झाडनं दूध काढी राहिना! मंग चहा ठेवा ना बठ्ठासना!"

म्हातारी पुढे आली. "भाऊ, मन्हा मोह शेतस ह्या. मन्ही सासू येचे, आते मी येचस."

साहेबांनी डहाळी माझ्या हातातून घेतली, चिकाला बोट लावलं आणि ते रुमालाला पुसलं. "मोहच आहे. मला काय दिसत नाही? पण ठेक्यात ऐन धरलेत. मार छाप."

मी हातोडा खाली ठेवला.

"हंगामी ना तू?"

"हो."

"मग झालं." त्यांनी हातोडा उचलून मुकादमाकडे दिला. त्यानं तिन्ही बुंध्यांवर छाप मारले. काळी साल उडाली आणि आतली लाल साल दिसली. छाप पडलेल्या झाडाखालीच म्हातारी पुन्हा झाडू लागली. फुलं येईपर्यंत तरी ही माणसं थांबतील, असं तिला वाटलं असावं.

थांबली नाहीत. मी जंगलखात्याच्या धुळ्याच्या कचेरीत जाऊन सांगितलं; तिथल्या अधिकाऱ्यांनी खुर्ची दिली, ऐकून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात मला घरी पाठवलं. झाडं तोवर गाडीत चढली होती. जळगावजवळ पिंप्राळ्याला घरी आल्यावर वडिलांनी एवढंच विचारलं, "तुले झाड वळखता ना उनं का?" झाड ओळखता आलं नाही म्हणूनच मला काढलं, असं त्यांना वाटलं. मी सरांना पत्र लिहिलं.

"तीर्थस्वरूप सर,

नमस्कार. नोकरी सुटली. आपल्याला ते दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहितो. सोबत तिथल्या तोडलेल्या एका झाडाची डहाळी पाठवतो आहे. चीक वाळला, तरी वण आणि कळी शाबूत आहेत. आपण क्षणात ओळखाल. तिथेही सगळ्यांनी क्षणातच ओळखली होती. आपल्या शिकवण्यात काही कमी राहिलं, असं कृपा करून मनात आणू नका. ते झाड आता कुठेच नाही. डहाळी वर्गाच्या जुडीत ठेवावी, ही विनंती.

आपला विद्यार्थी"