भोरचा समुद्र

चैत्री पौर्णिमेच्या पहाटे आम्ही उभयतां भोरहून समुद्र पाहायला निघालो. खरा समुद्र वरंध घाट उतरून गेल्यावर लागतो, हे मला ठाऊक होतं. मी ज्या समुद्राकडे निघालो होतो तो मात्र भाटघरला होता, आणि तिथे बैलगाडीने न्याहारीच्या वेळेपर्यंत पोहोचता येत होतं.

हा समुद्र मी शोधून काढला त्याचं कारण सांगायला हवं. आमच्या मंडळींचं माहेर हर्णैच्या बाजूचं, अगदी वाळूला लागून. लग्नानंतर पहिली काही वर्षं तिचा भाऊ येऊन तिला घेऊन जायचा. मग तो मुंबईला नोकरीला लागला आणि तिचं जाणं थांबलं. यंदा त्याने निरोप धाडला होता की आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, दिवाळीपर्यंत काही दिसेल असं वाटत नाही. तेव्हापासून ही रोज एकदा तरी म्हणायची, "आईला दिसतंय तोवर मला जाऊन यायचंय." एकटी जाणार कशी, म्हणजे मला न्यायला हवं. आणि मला मोटार लागते. साधी लागत नाही. संस्थानच्या कचेरीत माझी जी काही अब्रू आहे ती सर्व्हिस मोटारीच्या पहिल्या वळणाला माझ्या तोंडावाटे बाहेर पडते. वरंध घाटाला वळणं किती, हे मी कधी मोजलेलं नाही आणि मोजण्याच्या स्थितीतही मी कधी नसतो.

तेव्हा मी जेवताना तिला म्हणालो की, अगं, समुद्र समुद्र काय करतेस, आपल्या भोरला समुद्र आहे. धरण बांधून झाल्यापासून वेळवंडीच्या खोऱ्यात एवढं पाणी साठलंय की पलीकडचा काठ दिसत नाही. ही थाप होती, काठ चांगला दिसतो. भाताचा घास तिने सावकाश खाल्ला आणि म्हणाली, "बरं, बघू तुमचा समुद्र."

भाटघरला आम्हाला गेनबा भेटला. ह्याचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं. त्याने वरच्या उतारावर घर बांधलं आणि एक होडी केली. इकडच्या काठाची माणसं तो तिकडे पोचवतो, आणि धरण पाहायला शहरातली मंडळी यायला लागल्यापासून त्यांना दिवसभर काठाकाठाने हिंडवून सगळं दाखवूनही आणतो. आमच्या कचेरीतल्या शिपायाने त्याला माझं येणं कळवलं होतं आणि त्याने सुचवलेला दिवस मला आणून सांगितला होता. मी कोट, काळी टोपी आणि छत्री असा सजून आलो होतो. गेनबाने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "रावसायेब, पवाया येतं का?"

मी सांगितलं की पोहण्याचा प्रश्न उद्भवणार नाही.

होडी हलली. ती मला लागली नाही, हे इथे अभिमानाने नमूद करतो. सकाळचं ऊन कोवळं होतं, दोन्ही अंगांना डोंगर, पाणी इतकं संथ की त्यात डोंगर उलटे उभे. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या काठावर लोकांनी गाळपेर (ओल्या गाळातली पेरणी) केली होती. तिथे काकडीचे वेल हिरवेगार पसरले होते. मी मंडळींकडे मोठ्या आशेने पाहिलं. तिने पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाली, "गोडं आहे."

मी गेनबाला म्हटलं, आता प्रेक्षणीय स्थळं दाखव.

गेनबाने वल्हं थांबवलं आणि शेजारच्या पाण्याकडे हात करून सांगितलं, की हितं आमचं खळं. मी पाहिलं. पाणी होतं. थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, ह्यो थोरल्या चुलत्याचा मळा, ऊस लई गोड. तिथेही पाणीच होतं. मग विहीर आली, मग म्हारुतीचा पार आला, मग त्याच्या लग्नात मांडव घातला होता ती जागा आली. सगळीकडे तेच पाणी, तोच रंग. एका सहलीत इतकी न दिसणारी स्थळं मी आजवर पाहिली नव्हती. मला मनातून राग येऊ लागला. ही तक्रार कचेरीत कोणाकडे करावी, याचा मसुदाही मी जुळवू लागलो.

मंडळींचं मात्र निराळंच चाललेलं. ती विचारत होती, विहिरीचं पाणी गोड होतं का, पारावर संध्याकाळी कोण बसायचं, मांडवात नवरी कोणत्या बाजूने आली. गेनबाही वल्हं मांडीवर आडवं टाकून तिला सांगत राहिला. मी छत्री उघडली आणि तिच्या सावलीत बसून माझ्या समुद्राची चाललेली अवहेलना पाहिली.

ऊन चढल्यावर पलीकडच्या काठाला होडी लागली. तिथे करंजाखाली एक म्हातारी बसली होती, मांडीवर लुगड्यात बांधलेलं गाठोडं. ही गेनबाची थोरली बहीण, सखूआक्का. वेल्ह्याकडच्या पासलीला दिलेली. डोंगर ओलांडून आदल्या दिवशीच येऊन ती इथे सोयऱ्यांकडे मुक्कामाला राहिली होती. आता मला उमगलं की गेनबाने सहलीचा दिवस म्हणून नेमकी पौर्णिमा का सुचवली होती. आज त्यांच्या जानाईचा दिवस. गाव बुडालं, देऊळही बुडालं, पण लेकीने वर्षातून एकदा गावदेवीची ओटी भरायची, हा रिवाज काही बुडाला नव्हता. होडी तर आमच्यासाठी निघणारच होती. आम्ही धरण पाहायला आलो होतो की आक्काच्या यात्रेला होडी पुरवायला, हे मी स्वतःला विचारलं नाही, कारण उत्तर समोर बसलं होतं.

तिथेच आम्ही जेवलो. हिने दशम्या आणि गूळ आणला होता, आक्काने नाचणीची भाकरी आणि कच्च्या करवंदांचा ठेचा काढला. ठेचा तिखट आहे, असं तिने आधीच बजावलं. मी हसून म्हटलं, आम्ही भोरचे. पुढचा बराच वेळ मी पाण्याकडे तोंड करून बसलो होतो आणि डोळे का वाहताहेत याची चौकशी कोणी केली नाही.

जेवताना आक्का हिला सांगत होती. गेल्या साली पाणी जास्त होतं. अंदाजानेच ओटी सोडली. घरी गेल्यापासून तिच्या जिवाला घोर लागला की ओटी जानाईच्या पायी पोचली, की कुणाच्या उकिरड्यावर पडली. वर्षभर तिला नीट झोप नव्हती. यंदा जागा चुकून चालणार नव्हतं. गुडघे डोंगर आणखी किती साल चढू देतील, याचाही भरवसा नव्हता.

मग आम्ही चौघं होडीत बसलो आणि खोऱ्याच्या मधोमध आलो. इथे भावाबहिणीचं जुंपलं.

गेनबाचं म्हणणं, देऊळ हितंच, त्या टेकाडावरच्या आंब्याच्या सरळ रेषेत. तो लहानपणी म्हशी घेऊन याच वाटेने यायचा. आक्काचं म्हणणं, आंब्याचं काय घेऊन बसलास, देवळाच्या दारात उभं राह्यलं की त्या दोन डोंगरांच्या खिंडीतून राजगड दिसायचा, तो इथून कुठं दिसतोय, होडी फुडं घे. पुढे घेतली. आता गेनबा म्हणाला, हितं तर वढा. आक्का म्हणाली, वढा तुज्या डोस्क्यात. होडी मागे आली, डावीकडे गेली, पुन्हा उजवीकडे आली. दोघं पाण्याकडे बोट दाखवून भांडत होती आणि पाणी कुणाचीच बाजू घेत नव्हतं. पाहता पाहता आक्काचा आवाज बसला. तिने गाठोडं छातीशी धरलं, आणि तिचे डोळे भरून आले.

कारकुनाच्या देहात एक खोड असते. वाद दिसला की त्याला निकाल द्यावासा वाटतो. मी उभा राहिलो. होडीत उभं राहू नये, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे गेनबाने दोनदा सांगितलं होतं. मी छत्री मिटून तिचं टोक आंब्याकडे केलं, मग खिंडीकडे केलं, आणि "दोन्ही पक्षांचं म्हणणं विचारात घेता," एवढं म्हणून पाण्यात गेलो.

पाणी डोक्यावरून गेलं. नाकातोंडात शिरलं. माझी विम्याची पॉलिसी, कचेरीतलं टेबल आणि वरंध घाट या तिन्ही गोष्टी मला एकदम आठवल्या. मी हातपाय झाडले, एकदा डोकं वर काढून "बुडालो, बुडालो" असं ओरडलो, पुन्हा आत गेलो, आणि मग माझ्या पायाला दगड लागला. मी त्यावर दुसरा पायही टेकवला. आणि तरीही ओरडतच राहिलो.

"रावसायेब," गेनबा शांतपणे म्हणाला, "तुमी हुबं हाय."

खरोखरच मी उभा होतो. चहूकडे अथांग पाणी, आणि मधे छातीपर्यंत बाहेर मी, कोटासकट. टोपी थोड्या अंतरावर तरंगत होती. पाय जेमतेम मावतील एवढाच तो दगड होता. चाचपडताना दुसरा पाय खाली घसरला तर बाजूने बाहेर आलेला दगडाचा एक हात लागला, त्याच्या खाली आणखी एक.

हे मी सांगितलं मात्र, आक्का होडीत सरळ झाली.

"दीपमाळ," ती म्हणाली. "आरं गेनबा, दीपमाळ घावली."

देवळासमोर दिवे लावायला बांधलेला तो दगडी खांब. तो सापडला म्हणजे देऊळ सापडलं. देवीचं दार त्याच्या बरोबर समोर, पूर्वेला. देवाच्या दीपमाळेवर बुटासकट उभा राहिलो म्हणून मी ओशाळून काहीतरी पुटपुटलो, तर आक्का म्हणाली की त्यात काय, दिवं लावाया लोक चढायचीच की तिच्यावर. मी होडीकडे हात पुढे केला. गेनबाने तो धरला नाही.

"जरा हुबंच राव्हा," तो म्हणाला. "तुमी हाललात तर पुन्ना घावायची न्हाई."

तेव्हा मी उभा राहिलो. संस्थानच्या नोकरीत मी बऱ्याच ठिकाणी उभा राहिलो आहे, पण माझ्या उभं राहण्याची कुणाला इतकी गरज कधीच पडली नव्हती. गेनबाने माझ्यापासून अंदाज घेत होडी पूर्वेला नेली. आक्काने गाठोडं सोडलं. खण, नारळ, हळदकुंकू आणि पासलीच्या स्वतःच्या खाचरातला तांदूळ. वाहून जाऊ नये म्हणून खणात एक दगडही बांधला होता. तिने पदर पुढे घेतला, पाण्याला हात जोडले, आणि ओटी दोन्ही हातांनी अलगद खाली सोडली. हिने तिला कमरेला धरलं होतं. पुडकं बुडताना थोडा वेळ पिवळं दिसलं, मग दिसेनासं झालं.

हिने विचारलं, "आक्का, देवी दिसत नाही, वाईट नाही वाटत?"

"वाटतं की," आक्का म्हणाली. "पर मी तिला दिसली म्हंजी झालं."

मंडळींनी तोंड फिरवलं. ती रडतेय हे मला दीपमाळेवरूनही कळलं, आणि मला गलबलून आलं. ते पाण्याच्या गारठ्यामुळे नव्हतं. मग उरलेल्या तांदळाने आक्काने हिचीही ओटी भरली, लेक म्हणून. शेवटी माझी आठवण झाली. तिघांनी मिळून मला होडीत ओढलं. गेनबाने वल्ह्याने टोपी काढून दिली. ती डोक्यावर घातल्यावर तिच्यातलं पाणी माझ्या कानांवरून वाहू लागलं, आणि ही इतकी हसली, इतकी हसली की होडी पुन्हा हलायला लागली. असं हसताना मी तिला कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

परतीच्या बैलगाडीत मी तिच्या शालीत गुंडाळून बसलो होतो. उन्हं कलली होती, बैल आपल्या चालीने चालले होते. मग मीच विचारलं, कसा काय वाटला आमचा समुद्र.

"चांगला आहे," ती म्हणाली. मग माझ्या खांद्यावरची शाल सारखी करत म्हणाली, "आक्कांचं माहेर सापडावं म्हणून तुम्ही कोटासकट पाण्यात पडलात. माझ्या माहेरी जायला नुसतं मोटारीत बसायचं आहे."

मी धरण दाखवून घाट चुकवायला निघालो होतो. घरी पोचेपर्यंत मी रजेचा अर्ज मनात पुरा केला होता.

वैशाखात आम्ही गेलो. प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने वरंध घाटाचं वर्णन करायला हवं, पण मी तो डोळे मिटून आणि मुंडकं खिडकीबाहेर काढून उतरलो. ड्रायव्हरला माझ्यासाठी गाडी थांबवून थांबवून कंटाळा आला. शेजारच्या गृहस्थांनी महाडला जागा बदलून घेतली. ही लिंबू माझ्या नाकाशी धरून बसली होती आणि अधूनमधून विचारत होती, परत फिरायचं का. मी नाही म्हटलं. तेवढं मात्र मी केलं.

हर्णैच्या अलीकडे उतरून वाळूतून चालत गेलो. सासूबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या, अगदी डोळ्यांशी सूप धरून. हिने हाक मारली तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं, हिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे वळवला, आणि किती तरी वेळ तसाच धरून ठेवला. मी ओटीच्या खांबाला टेकून उभा होतो. मागे खरा समुद्र गाजत होता आणि माझं त्याच्याकडे लक्षही नव्हतं. बऱ्याच वेळाने सासूबाईंनी हिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अगं, जावयांचा चेहरा असा पांढराफटक का पडलाय?"

ही माझ्याकडे वळली. डोळे भरलेले होते आणि ती हसत होती. आईला अजून दिसत होतं.