पाच मुठी मीठ

टेलरवहिनीच्या गळ्यात दिवसभर टेप. गल्लीच्या तोंडाशी तिचं दुकान, म्हणजे एक मशीन, एक आरसा आणि माप देताना उभं राहण्यापुरती पडद्यामागची जागा. तिथे ती पाव इंचाचीही माफी देत नसे. पण संध्याकाळी शटर ओढून घरात पाऊल टाकलं की टेप खुंटीला आणि मोजमाप गेलं चुलीत. स्वयंपाकघरात तिच्याकडे मापाची वाटी नाही, चमचा नाही. तांदूळ ओंजळीनं, तिखट चिमटीनं, मीठ मुठीनं. शेजारणींनी विचारावं, वहिनी, रश्श्यात मीठ किती घालता, तर ही आपली मूठ वर करून दाखवायची. एवढं. आता ती एवढी मूठ कुणी घरी कशी न्यावी?

बाईच्या हाताला चव आहे यावर गल्लीत दुमत नव्हतं. साधा बटाट्याचा रस्सा चढवला तरी कुणी ना कुणी कात्री मागायचं निमित्त काढून दारात यायचं आणि कात्री न घेताच परत जायचं. नवरा औषधांच्या दुकानात कामाला, मुलखाचा अबोल. तो ताट दुसऱ्यांदा पुढे करायचा, तेच त्याचं भाषण. सासरे ट्रक ड्रायव्हर होते. आता घरी बसून खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्यांना नावं ठेवायचे आणि आपल्या दारासमोर मागच्या गल्लीतली एखादी गाडी उभी राहिली की खाली उतरून भांडायचे.

तिचं दुखणं मात्र वेगळंच होतं. माहेरी मोठं खटलं, उठली पंगत की बसली पंगत. इथे तीन माणसांचा स्वयंपाक, सुरू केला नाही तोच संपला. मोठं पातेलं चढवायची तिची भूक तशीच राहून गेली होती.

वर्षातून एका रविवारी आमची गल्ली एकत्र जेवायची. टोकाला बंद पडलेल्या वखारीची शेड होती, तिथे. जेवण करायला किराणाकाकांच्या ओळखीचा आचारी यायचा आणि दरवर्षी लोक दरवर्षीसारखे कुरकुरायचे. गेल्या खेपेचा रस्सा तर इतका पातळ, की त्यात आपलं तोंड दिसायचं आणि तेही उपाशी दिसायचं. तरी यंदाच्या बैठकीत काकांनी पुन्हा त्याचंच नाव काढलं. टेलरवहिनीनं उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाली, आचारी कशाला, मी करते, सगळ्यांनी हात लावा.

काकांनी चष्मा पुसला. तिघांचं करणं आणि गल्लीचं करणं यात फरक असतो बाई, म्हणाले, इथे टाका चुकला तर उसवता येत नाही. मग त्यांनी अटच घातली. करा खुशाल, पण बिघडलं तर इथून पुढे घरच्या जेवणाचं नाव कुणी काढायचं नाही, कायमचा आचारी. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिनंही डोलावली, आणि त्या दिवसापासून तिच्या पायाला भिंगरी लागली. शेगडी कुणाकडे, परात कुणाकडे, मोठा डाव कुणाच्या माळ्यावर, सगळं तिला तोंडपाठ. गिऱ्हाइकाच्या पाठीचं माप घेता घेता विचारायची, तुमच्याकडे बटाटे सोलायला कोण कोण आहे?

आणि ऐन आदल्या दिवशी ती माळ्यावरून मोठं पातेलं काढायला स्टुलावर चढली. आधी पातेलं आलं, मग स्टूल, मग ती. पातेल्याला पोचा पडला नाही. तिचं उजवं मनगट मोडलं.

प्लास्टर घालून आली तेव्हा दारात हीऽ गर्दी. जो तो म्हणे, राहू दे आता. किराणाकाका खरंच हळहळत होते, पण हळहळता हळहळता आचारी अजून मोकळा आहे हे सांगायला विसरले नाहीत. ती पायरीवर बसली, प्लास्टर मांडीवर घेतलं आणि म्हणाली,

"काका, हात मोडलाय. तोंड शाबूत आहे."

सासरे मागून पुढे आले. तू सांग, मी करतो, म्हणाले. आयुष्यभर रस्त्याकडेला तीन दगड मांडून स्वतःचं शिजवून खाल्लेला माणूस, पण सुनेच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला सोडून कधी शिरला नव्हता. त्यांनी बाह्या वर केल्या, आणि ते पंजे पाहून कुणी पुढे बोललं नाही.

रविवारी सकाळी वखार नुसती घुमत होती. बायका गोल करून बटाटे सोलायला बसलेल्या, त्यांचे नवरे कांदे चिरताना रडतायत म्हणून त्या हसतायत. औषधवाला नवरा टोमॅटोच्या फोडी गोळ्या मोजाव्यात तशा एकसारख्या करत होता, तर त्याला कुणी म्हणालं, अहो, प्रिस्क्रिप्शन नाही, रस्सा आहे. टेलरवहिनी प्लास्टर छातीशी धरून या शेगडीपासून त्या शेगडीपर्यंत धावत होती. ज्योत कमी करा, तळाला लागेल, कांदा अजून लाल होऊ दे, आलं कुठंय. तिच्या अंगात वारं शिरलं होतं. रश्श्याचं पातेलं रटरटायला लागलं, फोडणीचा वास शेडबाहेर पडला आणि जिन्यांवरून दारं उघडल्याचे आवाज यायला लागले.

ती भाताजवळ वाकली होती. तिथूनच ओरडली,

"बाबा, रश्श्यात मीठ घाला. पाच मुठी."

सासऱ्यांनी घातलं. मन लावून, एकेक मूठ गच्च भरून, मोठ्यानं मोजत.

भाताचं झाकण ठेवून ती आली. सासऱ्यांनी डावातून ओतलेला रस्सा डाव्या तळव्यावर घेतला, जिभेला लावला आणि तशीच उभी राहिली. सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःही बोट बुडवून चाखलं. मग त्यांनी आपला पंजा डोळ्यांसमोर धरला, हा नक्की कुणाचा आहे अशा नजरेनं. तिनं डावी मूठ मिटून त्या पंजात ठेवली. ती आत कुठल्या कुठे गेली, वर आणखी तेवढ्याच दुसऱ्या मुठीला जागा उरली.

खारट म्हणजे किती, तर समुद्रानं पाणी मागावं. आणि तेवढ्यात किराणाकाका हातात वाटी घेऊन शेडच्या दाराशी दिसले.

सासरे तिच्या कानाशी वाकले. "कुणाला सांगू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"बाबा, तुमचीच मूठ उघडली ना आत्ता."

तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण डोकं चालू होतं. दुकानात असं रोज होतं. कपडा अंगाला तंग झाला की बाई रडकुंडीला येते, आणि वहिनी तिला सांगते, त्यात काय, दोन्ही बाजूंनी उसवू आणि पट्ट्या घालून वाढवू. तिनं पातेल्याकडे बघितलं. हेही तंग झालंय, एवढंच. मिठाच्या मानानं रस्सा कमी पडलाय. वाढवायचा.

ती सरळ किराणाकाकांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, मीठ दुप्पट पडलंय, दुकान उघडा, जेवढे बटाटे-टोमॅटो आहेत तेवढे हवेत. शेडमध्ये सगळे थांबले. काका रिकाम्या वाटीकडे आणि तिच्या प्लास्टरकडे आळीपाळीनं बघत राहिले. टोमणा अगदी ओठांवर आला होता. पण माणूस मुळात दुकानदार. रविवारी बटाट्याचं सबंध पोतं मागणारं गिऱ्हाईक समोर उभं आहे म्हटल्यावर पाय आधी वळले. जाता जाता एवढंच म्हणाले, "वाढवाल हो. पण एवढं खाणार कोण?"

हा प्रश्न खराच होता. अन्न वाया गेलं तर तेही बिघडलंच म्हणायचं. तेव्हा कधी नव्हे तो तिचा नवरा बोलला. "मागची गल्ली आहे की."

गाड्या लावण्यावरून ज्यांच्याशी वर्षानुवर्षं तू तू मैं मैं, ती मागची गल्ली. आणि त्या भांडणात सर्वांत वरचा आवाज कुणाचा, हे काही सांगायला नको. टेलरवहिनी सासऱ्यांकडे वळली.

"बाबा, मूठ तुमची. आवतण तुम्हीच द्यायचं."

ते कुरकुरले. मी, त्यांच्या दारात? मग पातेल्याकडे बघून चपला शोधायला लागले.

पुढची घटका नुसती धांदल होती. पोतं आलं, बायका पुन्हा सोलायला बसल्या, दुसरं पातेलं दुसऱ्या शेगडीवर चढलं. खारट रस्सा अर्धा इकडे, अर्धा तिकडे. बिनमिठाचे बटाटे, टोमॅटो, गरम पाणी आणि नवी फोडणी. ती दर थोड्या वेळानं चाखायची आणि काही न बोलता हातानं अजून अशी खूण करायची. तांदूळही वाढवला. शेवटी एकदा तिनं चाखलं, पुन्हा चाखलं आणि शेजारणीच्या पाठीत असा धपाटा घातला, की ती बिचारी हातातल्या बटाट्यासकट पुढे गेली. जमलं होतं.

फक्त खाणारे यायचे होते. सासरे परतले ते एकटेच. काय म्हणाले, असं सगळ्यांनी विचारलं. सांगितलं त्यांना, एवढंच म्हणून ते खुर्चीत बसले.

आणि मग कोपऱ्यावरून मागची गल्ली वळली. ताटं आपापली, खुर्च्या डोक्यावर, पुढे पोरं, मागे म्हातारे. त्यांच्यातला सर्वांत भांडखोर रिक्षावाला चक्क आपला गॅस सिलेंडर घेऊन आला होता. संपला तर असावा म्हणून आणला, म्हणाला. टेलरवहिनी डाव्या हातानं वाढत सुटली. अर्धा रस्सा ताटात, अर्धा पायावर, पण तिला थांबवायची कुणाची छाती नव्हती. रिक्षावाला आणि सासरे शेजारी बसून गाड्यांवरूनच भांडत होते, मात्र तोंडात घास घेऊन.

दोन्ही पातेली खरवडून झाली तरी मागच्या रांगेत ताटं पुढे होतीच. मागच्या गल्लीला भूक भलतीच होती. उरलेले बटाटे घालून तिनं पुन्हा रस्सा चढवला आणि तो उकळल्यावर मिठाचा डबा सासऱ्यांपुढे धरला. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"घाला बाबा. दोन मुठी. तुमच्या."

त्यांनी डब्यात हात घातला, मूठ वर काढली, थोडं परत सांडलं, तिच्याकडे पाहिलं. तिची मान हलल्यावर सोडलं. मग दुसरी. तिनं डाव फिरवला आणि न चाखता पहिला डाव किराणाकाकांच्या वाटीत ओतला.

काकांनी फुंकर घातली. खाल्लं. वाटी तोंडाला लावून उरलेलं संपवलं, मिशा पुसल्या. सगळी शेड त्यांच्याकडे बघतेय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, म्हणून जरा वेळ घेतला.

"पुढच्या वर्षी बटाटे आधी सांगा," म्हणाले, "म्हणजे घाऊक बाजारातून आणता येतील." आणि वाटी पुन्हा पुढे केली.